वहीतली गावं, वहीतली प्रार्थना

प्रश्न : ताई, सलाम. मी सत्तावीस वर्षांचा सिव्हिल इंजिनियर, राहणार वडगाव शेरी. एका ख्रिस्ती संस्थेच्या पाण्याच्या कामासाठी दोन वर्षं झांबियात, चिपाटा भागात चाललो आहे. तुम्ही तिथे राहून आलात म्हणून विचारतो. मंडळीत सगळे म्हणतात, 'मिशनरी होऊन चाललास.' मला भीती वाटते ती वेगळीच. दिवसभर पंप आणि पाइपांतच जीव अडकला तर माझी प्रार्थना टिकेल का? लोकांना प्रभूविषयी कधी आणि कसं सांगायचं? शिवाय आई म्हणते, आपल्याकडे काय पाणीटंचाई कमी आहे?

उत्तर : सलाम. तुला 'तू'च म्हणते, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

आधी त्या 'मिशनरी' शब्दाचं बोलू. मी गुरुवार पेठेत, पंचहौदाजवळ वाढले. शाळेत वर्गात ख्रिस्ती अशी मी एकटीच. आपला विश्वास घरात आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जपायचा, बाहेर फार बोलायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. झांबियात सगळं उलटं. १९९१ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी देश ख्रिस्ती असल्याचं जाहीर केलं आणि १९९६ मध्ये ते राज्यघटनेत आलं. मिनीबसच्या काचेवर वचन, दुकानाच्या पाटीवर प्रभूचं नाव, रविवारची उपासना तीन-तीन तास. आपण प्रभूची ओळख करून द्यायला आलोय असं धरून गेलास तर दिसेल, की ती माणसं तुझ्या कितीतरी आधीपासून गुडघ्यावर आहेत. मला हे समजायला चार महिने लागले.

माझ्या देखरेखीखाली बसवलेला पहिला हातपंप इंडिया मार्क टू होता. हा पंप मूळ आपल्याकडचा. जालन्याच्या मिशनने जुन्या हातपंपात सुधारणा केल्या, सोलापूरच्या एका मिस्तरीने त्यापुढची रचना केली आणि १९७० च्या दशकात त्यातून इंडिया मार्क टू तयार झाला. आईला हे जरूर सांग. तिचं म्हणणं खरं आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. पण आपल्या दुष्काळात शिकलेली गोष्ट आफ्रिकेतल्या बायकांचे हंडे भरते, याचा तिलाही आनंद होईल.

पंपाच्या उद्घाटनाला पाळक आले, गाणी झाली, मी तळमळीने समर्पणाची प्रार्थना केली. चार महिन्यांत दांडा हलका लागायला लागला, मग पाणीच येईना. लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायला पाच-सहा जण लागले. सिलिंडर उघडला. आतला चामड्याचा वॉशर वाटीसारखा असतो, तळहातावर मावतो. त्याची कड झिजून कागदासारखी झाली होती आणि एका बाजूने फाटली होती. गावात दुसरा वॉशर नव्हता. पाणी समितीला सुटे भाग आणि पाने द्यायचे होते, ते मी 'पुढच्या खेपेला देऊ' म्हणून मागे ठेवले होते. बायका पुन्हा ओढ्याकाठचे खड्डे उपसत होत्या. प्रार्थना मनापासून केली होती, पण वॉशर द्यायचा राहिला होता.

मी माफी मागितली तेव्हा समितीतल्या एका आजीने मला खाली बसवलं. जेवणाआधी तिथे पाहुण्याच्या हातावर पाणी घालतात आणि खाली भांडं धरतात. तिने तसंच केलं, आणि ते पाणी त्याच ओढ्यावरून आणलेलं होतं. मग नशिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत कापेंटा, आपल्या सुकटीसारखी वाळलेली बारीक मासळी. फेब्रुवारी होता. जुना मका संपत आलेला, नवा एप्रिलपर्यंत हाती येत नाही. त्या घरात किती पीठ उरलंय ते मला दिसत होतं. जेवण झाल्यावर तिने न्यांजात, म्हणजे तिथल्या बोलीत, माझ्यासाठी प्रार्थना केली. त्यातलं माझं नाव आणि 'झिकोमो', म्हणजे धन्यवाद, एवढंच मला कळलं.

त्या रात्री मी एक वही केली. एका पानावर एक गाव: पंप कुठला, समितीत कोण कोण, वॉशर किती शिल्लक, कुणाचं मूल आजारी. सकाळी त्याच वहीवरून काम करायचं, रात्री त्याच वहीवरून नावं घेऊन प्रार्थना करायची. पंप आणि पाइपांत जीव अडकेल याची भीती बाळगू नकोस. अडकू दे, पण गावांची नावं घेऊन.

प्रभूविषयी सांगायचं तर, पाण्याला कसलीही अट लावायची नाही. चिपाटामध्ये मुसलमान आहेत, गुजराती बोलणारे दुकानदार आहेत. पंपावर हंडा कुणाचा हे बघायचं नाही. घरदार सोडून इतक्या लांब का आलात, असं लोक आपणहून विचारतात. तेव्हा मोकळेपणाने, खरं ते सांग. न्यांजा मात्र पहिल्या महिन्यापासून शीक. मलेरियाच्या गोळ्यांचं जाण्याआधी डॉक्टरांना विचार, आणि मच्छरदाणीत हयगय नको.

एकटं वाटेल. इंग्रजीत उपासना छान होते, पण ताप भरलेला असताना माझ्या तोंडून मराठीच निघायची. आपल्यात आणि तिथल्या घड्याळात साडेतीन तासांचं अंतर आहे. पुण्यात रात्री नऊला आई घरच्या प्रार्थनेला बसायची तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच, उजेड असायचा. फोन लागला तर आम्ही प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणायचो. तुझ्या आईबरोबर अशी एक वेळ आत्ताच ठरवून टाक. नेटवर्क नसेल त्या दिवशीही तिला बसायला सांग, आणि तूही बस.