एमबीएची फी १८० नाही, ४०८ आहे

प्रश्न थोडक्यात असा. वय ३१, ऑपरेशन्समध्ये सात वर्षं झाली, टीम लीड आहात, पगार बरा आहे पण वरच्या जागा एमबीएवाल्यांनाच जातात असं दिसतंय. नावाजलेल्या स्कूलची वेटिंग लिस्ट सरकलीच नाही, मधल्या फळीतल्या एका स्कूलमध्ये दोन वर्षांच्या फुल टाइम कोर्सला ऍडमिशन मिळालीय आणि डिपॉझिट भरायला तीन आठवडे उरलेत. कंपनी म्हणतेय नोकरी करत वीकेंडचा कोर्स करा, अर्धी फी आम्ही देतो, मात्र नंतर दोन वर्षं सोडून जायचं नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "पैशाचं सोडा, या डिग्रीला अजून मान आहे का तेवढं सांगा."

पैशाचं कसं सोडू, माझं पोटच त्याच्यावर आहे. पण मानाचा प्रश्नही खरा आहे, त्याच्यावर येतोच, आधी हिशोब करू कारण तुम्ही पाठवलेल्या शीटमध्ये एक मोठी गोष्ट राहिलीय.

तुमचा आज हातात येणारा वर्षाचा पगार १०० धरतो, बाकी सगळं त्याच मापात, म्हणजे चलन कुठलंही असो गणित तेच. तुम्ही खर्चाच्या रकान्यात फी १८० लिहिलीय, प्रवास, लॅपटॉप, पुस्तकं वगैरे २० आणि दोन वर्षांचं राहणं-खाणं १००. यातलं राहणं-खाणं काढून टाका, ते तुम्ही कोर्स केला नाही तरी करणारच आहात. आणि जे लिहिलंच नाही ते घाला, दोन वर्षांचा बुडालेला पगार, पहिल्या वर्षाचा १०० आणि ८ टक्के वाढ धरून दुसऱ्या वर्षाचा १०८, म्हणजे २०८. एकूण झाले ४०८. लोक फीवरनं भांडतात, घासाघीस करतात, स्कॉलरशिपसाठी निबंध लिहितात, सगळं बरोबर आहे, पण अर्ध्याहून जास्त खर्च फीचा नसतोच, तो न मिळालेल्या पगाराचा असतो आणि त्याचं बिल कोणी पाठवत नाही म्हणून तो दिसत नाही.

याच कारणासाठी एक वर्षाचे कोर्स चालतात बरं का. फ्रान्समधली इन्सीयाड ही बिझनेस स्कूल १९५७ साली सुरू झाली, तिचा एमबीए दहा महिन्यांचा आहे, आणि शिकागो युनिव्हर्सिटीने तर १९४३ सालीच नोकरी करणाऱ्यांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए काढला होता. म्हणजे पगार बुडतो ही अडचण कालची नाही.

आता कर्ज. राहणं-खाणं खर्चातून काढलं तरी ते खिशातून जाणारच आहे, त्यामुळे रोख लागणार ३००. तुमच्याकडे बचत १२०, त्यातले ४० अडीअडचणीला बाजूला ठेवायलाच हवेत (हे नेगोशिएबल नाही, माझ्याकडे तरी नाही), मग उरतात ८० आणि कर्ज लागतं २२०. बँकेने सांगितलेला दर ११ टक्के. अर्धं पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला, अर्धं दुसऱ्या वर्षाच्या, शिकताना हप्ता नाही म्हणून लोकांना वाटतं व्याजही नाही, पण ते मुद्दलात जाऊन बसतं आणि तुम्ही बाहेर पडाल तेव्हा २२० चे साधारण २५८ झालेले असतात. सात वर्षांत फेडायचं तर वर्षाला ५३ च्या आसपास हप्ते. एकूण ३७१ भराल.

मिळकतीच्या बाजूला तुम्ही स्कूलच्या रिपोर्टमधली सरासरी घेतलीय, १९०, आणि त्यातून १०० वजा करून "वर्षाला ९० चा फायदा" असं लिहिलंय. इथे दोन चुका आहेत. एक, तुम्ही दोन वर्षं तिथेच राहिलात तर पगार १०० वर थांबणार नाही, तीच ८ टक्के वाढ दोनदा धरून ११७ होईल, तुलना त्याच्याशी करायची. दुसरी चूक त्या १९० मध्येच आहे. ती करापूर्वीची रक्कम आहे, तिच्यात एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस मिसळलाय, आणि ती सरासरी आहे. वर्गातल्या पाच जणांना प्रचंड पॅकेज मिळालं की सरासरी वर जाते, तुमचा पगार वर जात नाही. मीडियन मागा, म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला किती मिळालं. मग छोट्या अक्षरातलं वाचा, नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी कोणावर काढलीय? बऱ्याच रिपोर्टमध्ये फक्त "नोकरी शोधणारे" धरतात, म्हणजे स्वतःचा धंदा काढणारे, जुन्या कंपनीत परत गेलेले, पुढे शिकायला गेलेले आणि माहिती न देणारे सगळे वजा. यात लबाडी असतेच असं नाही, नोकरी न शोधणाऱ्याला बेकार म्हणणं पण चूकच, पण कितीजण वजा केले तो आकडा बघितल्याशिवाय ९५ टक्के प्लेसमेंट या वाक्याला काही अर्थ नाही.

हे सगळं धरून मी तुमच्या हातात १५० येतील असं मानतो. थोडा कंजूष अंदाज आहे, मान्य, पण मला अंदाज असेच आवडतात. १५० वजा ११७ म्हणजे वर्षाला ३३ जास्त. ४०८ भागिले ३३, बारा वर्षांहून जास्त. (पुढची पगारवाढ ८ टक्के आणि पैशाची किंमत कमी होण्याचा दरही ८ धरला की दोन्ही एकमेकांना खातात, म्हणून हा सरळ भागाकार चालतो.) मी चुकलो आणि १६० मिळाले तरी साडेनऊ वर्षं. आणि पहिल्या वर्षाचं बघा, १५० मधून ५३ हप्ता गेला की उरले ९७. आज तुम्हाला १०० मिळतात.

आता मान. इथे मला जरा लांब बोलायचंय कारण सगळी गंमत इथेच आहे.

शिक्षणाने पगार का वाढतो यावर अर्थशास्त्रात दोन मतं आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलं की शिक्षण म्हणजे माणसात केलेली गुंतवणूक, तुम्ही शिकता, जास्त कामाचे होता, जास्त मिळतं. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स यांनी वेगळीच बाजू दाखवली, की शिकलात काय हे बाजूला ठेवलं तरी डिग्री हा एक सिग्नल असतो. मालकाला तुमची कुवत आतून दिसत नाही, मग तो अशी खूण शोधतो जी कुवत असलेल्याला मिळवायला सोपी आणि नसलेल्याला महाग पडते. दोघांनाही नोबेल मिळालं, बेकर यांना १९९२ मध्ये, स्पेन्स यांना २००१ मध्ये आणखी दोघांबरोबर, त्यामुळे कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, मला वाटतं दोघंही थोडेथोडे. पण एमबीएच्या बाबतीत माझं वजन स्पेन्सच्या पारड्यात जास्त पडतं, कारण डिस्काउंटेड कॅश फ्लो (पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा हिशोब) कुठल्याही स्कूलमध्ये तोच शिकवतात, तरी पगारात एवढा फरक पडतो.

म्हणजे मान आहे तो डिग्रीला नाही, ऍडमिशन देताना लावलेल्या गाळणीला आहे. हार्वर्डने १९०८ साली एमबीए सुरू केला तेव्हा ती डिग्रीच दुर्मिळ होती, नुसतं असणं हीच खूण होती. आता नुसतं असण्याने कोणी वेगळं दिसत नाही, कुठली गाळणी पार करून आलात ते विचारतात. ज्या स्कूलमध्ये दहातले आठ अर्जदार आत जातात तिथला सर्टिफिकेटचा कागद कितीही जाड असला तरी समोरच्याला त्यातनं फारसं काही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर उत्तम स्कूलच्या बाबतीतही प्रश्न उरतोच की ते लोक तिथे जाऊन हुशार झाले की मुळात हुशार होते म्हणून घेतले गेले. स्टॅनफर्डमधल्याच जेफ्री फेफर यांनी क्रिस्टिना फाँग यांच्याबरोबर २००२ मध्ये पेपर लिहिला होता, त्यात त्यांचं म्हणणं होतं की एमबीए असणं किंवा त्यात चांगले मार्क असणं यांचा करिअरच्या यशाशी संबंध असल्याचा पुरावा फारसा सापडत नाही. बिझनेस स्कूलचे प्रोफेसर स्वतःच असं लिहितात हे मला जाम आवडलं होतं.

रँकिंगचं पण तसंच. फायनान्शियल टाइम्स हे वर्तमानपत्र १९९९ पासून एमबीएची यादी काढतं, त्यात डिग्रीनंतर तीन वर्षांनी मिळणाऱ्या पगाराला मोठं वजन असतं. आधीच जास्त पगाराच्या धंद्यातली माणसं आत घेतली की रँकिंग आपोआप सुधारतं, शिकवणं सुधारलं नाही तरी.

मग या सगळ्याचा अर्थ मान खोटा आहे असा का? नाही हो. खूण ही कोणीतरी वाचायची असते, प्रश्न एवढाच आहे की तुम्हाला ज्या दारातून आत जायचंय तिथला माणूस ती वाचतो का. स्ट्रॅटेजी कन्सल्टिंग, इन्व्हेस्टमेंट बँकिंग आणि मोठ्या कंपन्यांचे लीडरशिप प्रोग्रॅम, इथे भरतीच ठराविक स्कूलच्या कॅम्पसवर होते, तिथे खूण नसेल तर मागचं दार फार अरुंद. तिथे जायचं असेल तर नावाजलेल्या स्कूलची ३०० फी पण परवडते. करा हिशोब, ३०० अधिक २० अधिक २०८ म्हणजे ५२८, हातात २२० यायला लागले तर फरक १०३, पाच वर्षांत वसूल. महाग स्कूल स्वस्त पडतं आणि मधलं महाग पडतं, हे ऐकायला उलटं वाटतं पण या डिग्रीत बऱ्याचदा असंच होतं.

तुमच्या पत्रात मात्र कन्सल्टिंगचा शब्दही नाही. तुम्हाला तुमच्याच कंपनीत ऑपरेशन्स हेड व्हायचंय. ते दार उघडणारा माणूस तुम्हाला सात वर्षं ओळखतो, त्याला खूण कशाला हवी, त्याला फार तर एचआरच्या फॉर्मवरचा एक चौकोन भरायचाय. त्या चौकोनासाठी ४०८ मोजायचे?

माझं सांगतो, मी पण मधल्या फळीतलाच एमबीए आहे. कर्ज फेडायला आठ वर्षं लागली. शिकलो बरंच, मित्र चांगले मिळाले, पण आजपर्यंत एकाही क्लायंटने कुठून केलं म्हणून विचारलेलं नाही. पश्चात्ताप नाही, पण कोणी हा हिशोब मला त्या वेळी करून दिला असता तर मी आधी थोडा गप्प बसलो असतो.

अजून एक धोका आहे जो तुमच्या हातात नाही, कुठल्या वर्षी बाहेर पडता तो. पॉल ऑयर यांनी स्टॅनफर्डच्या एमबीएंवर अभ्यास केला, २००८ मध्ये छापून आला. शेअर बाजार तेजीत असताना पास झालेले वॉल स्ट्रीटवर जास्त गेले, मंदीत पास झालेले कमी, आणि तो फरक पुढे कितीतरी वर्षं टिकला. स्टॅनफर्डवाल्यांची ही कथा. नोकरी सोडून, डोक्यावर २५८ घेऊन वाईट वर्षी बाहेर पडलात तर मिळेल ती ऑफर घ्यावी लागते, हप्ता थांबत नाही.

आता कंपनीचा पर्याय. फी १००, अर्धी तुमची म्हणजे ५०, वरखर्च १०, पगार चालू. ६० बचतीतून गेले तरी ६० उरतात, तुमच्या वर्षभराच्या राहण्या-खाण्याहून जास्त, कर्ज शून्य. प्रमोशन लगेच नाही मिळालं आणि वर्षाला फक्त १२ वाढले तरी पाच वर्षांत फिटलं. काहीच वाढलं नाही तर बुडाले ६०, ४०८ नाही. तोटे आहेत, दोन वर्षं वीकेंड जातील, दमाल, नेटवर्क फुल टाइमइतकं घट्ट होत नाही कारण सगळ्यांना संध्याकाळी घरी पळायचं असतं. आणि दोन वर्षांचा बॉन्ड, पण तुम्हाला तिथेच वर जायचंय, मग तो बॉन्ड तुम्हाला कितीसा बोचणार.

तेव्हा डिपॉझिट भरू नका, असं माझं स्पष्ट मत. फक्त मनातून कन्सल्टिंगला जायचं असेल आणि मला लाजून लिहिलं नसेल तर वेगळं, तसं असेल तर हे स्कूल पण नको, पुढच्या वर्षी प्रवेशाच्या टेस्टचा स्कोअर वाढवून परत नावाजलेल्या ठिकाणी अर्ज करा, ३२ म्हणजे काही उशीर नाही.

या तीन आठवड्यांत दोन कामं करा. बॉसला सरळ विचारा की गेल्या पाच वर्षांत आपल्याकडे वीकेंड एमबीए केलेले किती लोक हेड झाले, नावं सांगा. नावं आली नाहीत तर वीकेंडच्या कोर्सवर पण परत बोलू. आणि बॉन्डचा कागद सही करण्याआधी मला पाठवा, मला त्यात एकच ओळ बघायचीय, कंपनीने तुम्हाला काढलं तर फी कोणी परत करायची.