कुजणारी पिशवी कुजते कुठे?

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशवीत ओला कचरा बांधून गच्चीवरच्या खतकुंडीत टाकला. चार महिन्यांत कचऱ्याचं खत झालं, पिशवी मात्र जशीच्या तशी निघाली. फसवणूक झाली का?

बहुधा नाही. हा शिक्का ज्या मानकानुसार मिळतो (आयएसओ १७०८८), त्याची चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्या उष्णतेत १८० दिवसांत पिशवीतल्या किमान ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. मोठ्या खतप्रकल्पात ढीग आतून तेवढा तापतो. तुमच्या कुंडीत रोज पडणार मूठ-दोन मूठ सालं. ऊब साठण्याआधीच निघून जाते. मक्याच्या स्टार्चपासून बनणारं पीएलए हे प्लास्टिक तर साधारण ६० अंशांपर्यंत कडकच राहतं. ते तापून मऊ पडलं, आत पाणी शिरलं, की त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तुटू लागतात आणि मगच ते तुकडे जिवाणूंच्या तोंडी लागतात. माझ्या कुंडीतला पीएलएचा एक चमचा दोन पावसाळे पाहून बसलाय. धुतला तर आजही श्रीखंड खाता येईल! पिशवी बाहेर काढा, कचरा तेवढा आत जाऊ द्या.

प्रश्न : वाणी ‘बायोडिग्रेडेबल’ छापलेली पातळ पिशवी देतो. खरी कशी ओळखू?

त्या नुसत्या शब्दावर जाऊ नका. पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक शोधा. ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगला किमान १२० मायक्रॉन जाडी लागते, कंपोस्टेबलला ती अट नाही. ही पळवाट कोणाच्या कामाची, ते सांगायला नको. ‘ऑक्सो’ प्रकार तर आणखी वाईट. साध्याच पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळतात, उन्हात त्याचा भुगा होतो आणि तो मातीतच राहतो. युरोपीय संघाने २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे.

प्रश्न : मक्यापासून, उसापासून केलेलं प्लास्टिक समुद्रात गेलं तरी विरघळेल ना?

कशापासून झालं आणि कुठे कुजेल, या दोन गोष्टींची गल्लत होते आहे. ब्राझीलमध्ये उसापासून पॉलिथिन बनतं, ते साध्या पॉलिथिनइतकंच चिवट. उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक बहुतांशी खनिज तेलापासून येतं, तरी कंपोस्ट होतं. इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी पिशव्या मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून पाहिल्या. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. तीच मातीत २७ महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणवणारी मात्र माती आणि समुद्रात तीन वर्षं काढूनही बाजारहाटाला चालली असती.

प्रश्न : पीएलएचे पारदर्शक ग्लास पाण्याच्या बाटल्यांबरोबर भंगारात दिले तर?

नका देऊ. दिसायला सारखे, पण पीएलए बाटलीच्या पीईटीपेक्षा फार आधी वितळतं आणि सगळी खेप बिघडवतं. खतप्रकल्प घेत असेल तर तिकडे, नाहीतर सुक्या कचऱ्यात वेगळे बांधून ठेवा.