आदिवासी तरुणांना रानभाज्या अजून ओळखता येतात का? आणि ट्रेकला गेल्यावर आम्ही शहरातल्यांनी त्या तोडून आणल्या तर चालेल का?

ओळखता येतात, पण सगळ्या नाही. कुठल्या येतात आणि कुठल्या नाही, हे बऱ्याच अंशी शाळेच्या वेळापत्रकावर ठरतं. मी जव्हारकडची, वारली. आश्रमशाळेत आणि पुढे वसतिगृहात राहून शिकले, सध्या नोकरीमुळे ठाण्यात असते. त्यामुळे लिहितेय ते जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पालघर जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्याबद्दल. मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया पोरांचं तिथल्याच कुणीतरी सांगावं.

वेळापत्रक म्हणजे काय ते सांगते. आमच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. पहिल्या सरी पडल्या की नेमकी तेव्हाच शेवळं वर येतात. मागोमाग टाकळा, कुर्डू, फोडशी, मग करटोली, भारंगी, चाईचा मोहर, बांबूचे कोंब. सप्टेंबर सरेपर्यंत सगळा खेळ आटोपतो. पोरं गाठोडं घेऊन घरी येतात ती गणपतीत चार दिवस, नाहीतर थेट दिवाळीला. तोवर टाकळ्याला लांब शेंगा लागलेल्या असतात आणि फोडशीचा पाला दिसतसुद्धा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र पोरं रानातच असतात. करवंदं, जांभळं, तोरणं, आळूची फळं, मोहाची फुलं यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. कुठल्या झाडाची जांभळं तुरट, कुठल्या जाळीतली करवंदं आधी पिकतात, हे दहावीतला कुठलाही पोरगा झोपेत सांगेल. त्यालाच कोवळी भारंगी दाखवा, गप्प बसेल.

म्हणजे 'नव्या पिढीला काही येत नाही' ही ओरड अर्धीच खरी. उन्हाळ्याचं रान येतं, पावसाळ्याचं निसटतं.

याची दुसरी बाजू जरा अडचणीची आहे. पावसाळी भाज्या ज्यांना उत्तम येतात, ती शाळा सुटलेली पोरं. आमच्या शेजारच्या कातकरवाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. त्यांच्या पोरांची शाळा बुडते ती हिवाळ्या-उन्हाळ्यात, आणि पावसात ती आईच्या मागेमागे रानात असतात. माझ्या ओळखीतली एक मुलगी सातवीतून घरी बसली. तिला करटोलीचा वेल नर की मादी हे फळ धरायच्या आधी, फुलाखालच्या गाठीवरून कळतं. नराला फळ येत नाही, मग त्याच्याखाली वाट बघण्यात वेळ घालवायचा कशाला? कंद जमिनीत तसाच राहतो आणि वेल दरवर्षी तिथंच फुटतो, त्यामुळे जागाही तिला पाठ. हे ज्ञान मोठं आहे, पण त्याची किंमत तिनं काय मोजली तेही बघा. म्हणून भाषणात कुणी 'आदिवासींनी आपलं पारंपरिक ज्ञान जपावं' म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, जपायचं म्हणजे शाळा सोडून का?

आता 'ओळखणं' म्हणजे काय, तेही बघू. पान बघून नाव सांगणं हा सोपा भाग झाला. शेवळाचंच घ्या. तपकिरी-जांभळट आवरणातला तो दांडा जमिनीतून सरळ वर येतो, एकदा दाखवला की कुणीही ओळखेल. पण निवडायला बसलात की आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकावा लागतो. तो राहिला तर घसा असा खाजतो की दोन घासांत ताट बाजूला सारावं लागेल. उरलेलं बारीक चिरून शिजवायचं तेही आंबटाबरोबरच, काकड या रानझाडाच्या आंबट फळांचा रस घालून. काकडं नसतील तर चिंच. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि घशाला टोचतात ते तेच, असं मी पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं. आजीला स्फटिक माहीत नव्हते, पण काकडं नसली तर ती शेवळं उपटायचीच नाही.

कडूकंदाचं काम याहून वेळखाऊ. सोलून पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून टोपली वाहत्या ओहोळात रात्रभर दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी आजी एक चकती जिभेच्या टोकाला लावायची. कडू लागली की टोपली परत पाण्यात. हे सगळं करू शकेल असं माझ्या वयाचं आमच्या पाड्यावर आता कुणी नाही, मीसुद्धा पाहिलंय फक्त. खरं सांगू? याचं मला फारसं दुःख नाही. कडूकंद हे आवडीचं खाणं कधीच नव्हतं. आषाढ-श्रावणात कणगीतलं भात-नाचणी संपायची, तेव्हा पोटाला आधार म्हणून तो उकरायचा. रेशनचा तांदूळ वेळेवर मिळू लागला आणि ती खटपट थांबली.

हे मुद्दाम लिहिलं, कारण हल्ली रानभाज्यांना 'सुपरफूड' म्हणायची लाट आहे. लोह, जीवनसत्त्वं असतील, नाही कोण म्हणतंय? पण १९९२-९३ साली आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने लेकरं गेली, तेव्हाही रानात टाकळा आणि कुर्डू होताच. नुसत्या पाल्यावर लेकरू वाढत नाही, त्याला धान्य, डाळ, तेल आणि वेळेवर दवाखाना लागतो.

काय टिकेल हे आता बाजारही ठरवतोय. ठाणे, कल्याण, वसईच्या स्टेशनांबाहेर आमच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. शेवळं, करटोली, फोडशी, कोवळा टाकळा विकला जातो, म्हणून या चार-पाच भाज्या आजची पोरंपोरी नीट ओळखतात. मोटारसायकलवरून जुड्या पोचवणारी कॉलेजची पोरंही आहेत. चाईचा मोहर किंवा दिंडा यांना गिऱ्हाईक नाही, ती नावं मागे पडतायत. आणि बांधावर तणनाशक मारायला लागल्यापासून कुर्डू-टाकळा हाताशी राहिला नाही, त्यासाठी लांब जावं लागतं. पाच मिनिटांच्या अंतरावरची भाजी लेकरू खेळता खेळता शिकतं. तासभर चालून जायचं असेल तर त्याला कोण सोबत नेतं?

९ ऑगस्टच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथं ताटं सुंदर मांडलेली असतात, विक्री होते, बायकांना चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण धुऊन जुडी बांधलेल्या भाजीवरून ती चिखलात, इतर गवतात कशी दिसते ते कळत नाही. फोनवरच्या ॲपचंही तसंच. फुलाचा फोटो दिला तर ते बऱ्यापैकी सांगतं, पण पालेभाजी खुडायची असते ती फुलं यायच्या आधी. फुलं आली म्हणजे ती जून झाली, खायची वेळ गेली.

माझ्या मते उपाय साधा आहे. मुख्याध्यापकांच्या अधिकारात एखाद-दोन सुट्ट्या असतात. त्या जुलैत, पाऊस नीट लागल्यावर द्याव्यात आणि शाळेजवळच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना मजुरी देऊन पोरांबरोबर रानात पाठवावं. मजुरी द्यावीच, फुकट बोलावू नये. आणलेली भाजी त्याच दिवशी मेसमध्ये शिजली पाहिजे. आमच्या वेळी घरून भाजीचा डबा आला की 'गवत खाता का?' म्हणणारी माणसं खुद्द शाळेतच होती. मेसच्या ताटात ती भाजी सगळ्यांनाच वाढली तर कोण कुणाला चिडवणार?

आता तुमच्या ट्रेकबद्दल. स्वतःच्या भरवशावर तोडू नका. कंद तर अजिबात नको. पावसाळ्यात वाटेवर लालपिवळ्या फुलांची कळलावी दिसते, तिचा कंद जीवघेणा विषारी असतो. आळंब्यांच्याही वाटेला जाऊ नका, त्या आमच्याकडे म्हातारी माणसं ठरलेल्या वारुळांवरच्याच काढतात. फारच हौस असेल तर पायथ्याच्या गावातल्या एखाद्या मावशींना सोबत घ्या आणि त्यांचा दिवस भरून द्या. नाहीतर सरळ स्टेशनबाहेर विकत घ्या. शेवळं घेतलीत तर काकडं त्याच टोपलीत मागा, बहुतेकींकडे असतात, आणि निवडायचं कसं ते तिथंच विचारून घ्या. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल तर एखादं शेवळं सोलून दाखवतीलसुद्धा.