भारत-जपान १९५२ चा वेगळा तह: भरपाई सोडून आपण घाट्यात गेलो का?

तुमचा प्रश्न असा की दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ ला सॅन फ्रान्सिस्कोत ४८ देशांनी जपानशी शांततेचा तह केला तेव्हा भारत गेलाच नाही, आणि मग वर्षभरात एकट्याने वेगळा तह करून वर युद्धाच्या नुकसानभरपाईवर पाणी सोडलं, तर यात मिळवलं काय. आणि क्लासमधल्या कोणीतरी "नेहरूंचा हट्ट, दुसरं काय" म्हणून विषय संपवला. हट्ट थोडा होता, नाही कशाला म्हणू. पण प्रेझेंटेशनमधे तेवढ्यावर थांबू नका, कारण तहातली खरी गंमत कलमांमधे आहे आणि ती कलमं कोणी वाचतच नाही.

न जाण्याची कारणं पटकन सांगतो. ऑगस्ट १९५१ मधे भारताने अमेरिकेला कळवलं की ओकिनावा वगैरे बेटं तुमच्या ताब्यात राहणार, तैवान जपानने सोडायचं पण कुणाला द्यायचं ते लिहायचं नाही, आणि परक्या फौजा जपानमधे ठेवायची सोय तहातच करून ठेवायची, हे आम्हाला मान्य नाही. जपानला अमेरिकेशी संरक्षण करार करायचा असेल तर आधी स्वतंत्र होऊ दे, मग खुशाल करू दे. (तो करार तहाच्याच दिवशी, ८ सप्टेंबरला झाला.) बर्मा आणि युगोस्लाव्हियाही गेले नाहीत, रशिया गेला पण सही न करता परत आला, आणि चीनला तर बोलावणंच नव्हतं.

आता पुढचा क्रम बघा. सॅन फ्रान्सिस्कोचा तह २८ एप्रिल १९५२ ला लागू झाला आणि भारताने त्याच दिवशी आपल्या बाजूने युद्धस्थिती संपल्याचं जाहीर करून टाकलं. म्हणजे शत्रुत्व आधी मिटवलं, तहाचे कागद नंतर केले. ९ जूनला टोकियोत आपल्याकडून भारताचे तिथले प्रतिनिधी के. के. चेत्तूर आणि त्यांच्याकडून परराष्ट्रमंत्री कात्सुओ ओकाझाकी यांनी सह्या केल्या. तिकडे २७ कलमं, इथे फक्त ११. आणि ज्या तीन गोष्टींवरून अमेरिकेशी वाजलं होतं, बेटं, तैवान, फौजा, त्यातली एकही या तहात नाही, ना बाजूने ना विरोधात. मला विचाराल तर हे सगळ्यात हुशारीचं काम, कारण ते तिढे जपानच्या हातात नव्हतेच, मग त्याच्याशी त्यावर वाद घालून काय मिळणार होतं.

भरपाईकडे येतो. सॅन फ्रान्सिस्को तहाचं कलम २६ वाचा. त्यात जपानवर बंधन होतं की जे देश त्याच्याशी युद्धात होते, १९४२ च्या संयुक्त राष्ट्र जाहीरनाम्यात (जर्मनी-जपानविरुद्ध एकत्र लढायचं ठरवणाऱ्या देशांचा जाहीरनामा) होते पण या तहात नाहीत, त्यांच्याशी तीन वर्षांच्या आत मागणी आली तर साधारण याच अटींवर वेगळा तह करायची तयारी ठेवायची, आणि त्यांना जास्त काही दिलं तर ते सही करणाऱ्या सगळ्यांना द्यायचं. आपल्याकडे सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाते तेव्हा बिल्डर सही न करणाऱ्या मेंबरला गुपचूप जास्त कार्पेट एरिया देऊ शकत नाही ना, बाकीचे मानगुटीवर बसतात, तसंच. त्यामुळे "अडून बसलो असतो तर ढीगभर पैसे मिळाले असते" हे तितकं सोपं नव्हतं.

पण सूट नेमकी कुठे दिली ते लोकांना माहीत नसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलम १४ प्रमाणे सही करणाऱ्या देशांना आपापल्या हद्दीतली जपानी मालमत्ता जप्त करून विकायचा हक्क होता. बहुतेकांनी भरपाई सोडली ती हा हक्क खिशात ठेवून. भारताने भरपाईही सोडली (आपल्या तहाचं कलम ६) आणि वर कलम ४ मधे युद्ध सुरू झालं तेव्हा भारतात असलेली जपानची आणि जपानी लोकांची मालमत्ता आहे त्या स्थितीत परत द्यायचं कबूल केलं, फक्त ती सांभाळायचा खर्च जपानने द्यायचा. स्लाइड करायची तर या १४ आणि ४ ची शेजारी शेजारी करा.

आता मला खटकतं ते. कलम ६ मधे सरकारने फक्त स्वतःचे नाही, भारतीय नागरिकांचेही युद्धातल्या नुकसानीचे दावे सोडले. अंदमान मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत जपानच्या ताब्यात होतं, तिथल्या लोकांनी काय भोगलं ते वाचवत नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कलम १४ मधेच जपानने व्यापलेल्या प्रदेशांसाठी भरपाईची वेगळी वाट ठेवली होती. म्हणजे कागदावर तरी आपल्याला बोलायला जागा होती. दिल्लीने मोठं मन दाखवलं, किंमत पोर्ट ब्लेअरच्या माणसाने मोजली. इकडे सातारा-कोल्हापूरची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं १९४४ ला मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली, त्यांच्या घरच्यांनाही कोणी विचारलं नाही म्हणा.

बर्मा मात्र थांबला. १९५४ ला वेगळा तह केला, १० वर्षांत २० कोटी डॉलरची भरपाई घेतली, आणि वर अट घातली की दुसऱ्यांना जास्त दिलंत तर आमचं परत बघायचं. ती अट वापरून १९६३ ला आणखी पदरात पाडून घेतलं. पण बर्मा सगळाच्या सगळा तुडवला गेला होता, त्याचा दावा आपल्यापेक्षा कितीतरी भक्कम होता, त्यामुळे सरळ तुलना करू नका.

"वेगळा तह केला की प्रश्न सुटतो" असा निष्कर्षही काढू नका हं. रशिया-जपानने १९५६ ला संयुक्त घोषणा करून युद्धस्थिती संपवली, दूतावास उघडले, पण कुरिल बेटांवरून शांतता तह आजतागायत झालेला नाही. भारताला जपानकडून एक इंचही जमीन नको होती म्हणून ११ कलमांत भागलं.

आणि १९५८ ला जपानने पहिलं येन कर्ज भारताला दिलं ते "तहाचं फळ" म्हणून शेवटच्या स्लाइडवर टाकायचा मोह होईल. टाका, पण जपानला तेव्हा आपलं लोहखनिज हवं होतं आणि मशिनरी खपवायला गिऱ्हाईक हवं होतं, हेही त्याच स्लाइडवर लिहा, नाहीतर प्रश्नोत्तरात पहिला प्रश्न तोच येईल.