नवा मसाला जुन्याचाच खप खातोय का?

प्रश्न: नमस्कार, सांगलीजवळ आमचा घरगुती मसाल्यांचा उद्योग आहे. कांदा-लसूण मसाला महिन्याला 800 किलो जायचा. जूनमध्ये कमी तिखट मसाला काढला, तो 300 किलो जातोय पण जुना 620 वर आलाय. जुन्यात किलोमागे 60 रुपये सुटतात, नव्यात 45. मिस्टर म्हणतात फेल गेला, मला तसं वाटत नाही. नक्की काय धरायचं?

उत्तर: ताई, 800 चे 920 किलो झाले म्हणून खूश होऊ नका आणि जुना उतरला म्हणून घाबरूही नका, आधी सुटलेले पैसे मांडा. नव्याचे 300 किलो 45 नी 13,500 आले, जुन्याचे 180 किलो 60 नी 10,800 गेले, हातात राहिले 2,700. पाऊचची छपाई, फुकट वाटलेली सॅम्पल, सगळं ह्यातूनच निघायचंय. आणि 45 ला 60 नी भागलं की 75 टक्के येतात, म्हणजे नव्याच्या 100 किलोत 75 पर्यंत जुन्याचीच गिऱ्हाइकं असली तरी तोटा नाही, तुमचे सध्या 300 मागे 180, म्हणजे 100 मागे 60 आहेत.

पण ते 180 किलो सगळे नव्यानेच खाल्ले कशावरून? मला इथेच शंका आहे, कारण वर्षाचा मसाला लोक मार्च ते मे मध्येच भरून ठेवतात, पावसाळ्यात खप उतरतोच, तेव्हा 800 हा उन्हाळ्यातला आकडा असेल तर तुलनाच चुकली. मागच्या जून-जुलैची बिलं काढा. समजा तेव्हाही 720 च गेला असेल तर नव्याने खाल्ले फक्त 100, आणि 2,700 चे थेट 7,500 होतात! शिवाय काही दुकानांत दोन महिने फक्त जुनाच ठेवून बघा, तिथे तो किती उतरतो ते कळलं की वादच मिटतो.

आपल्याच मालाने आपला माल खाणं वाईटच असं नाही हो. अ‍ॅपलने 2007 ला आयफोन आणला, त्यात गाणी होतीच, त्यांचाच गाणी ऐकायचा आयपॉड 2008 ला साडेपाच कोटींच्या आसपास खपला आणि मग उतरत गेला, पण आयफोन काढलाच नसता तर ती गिऱ्हाइकं दुसऱ्या कुणाचा फोन घेऊन गेलीच असती ना. म्हणून दुकानदाराला सांगा, नवा पुडा नेणाऱ्याला एवढंच विचारा, हा नव्हता तेव्हा कुठला न्यायचात? ज्या घरात लहान मुलं आहेत, ॲसिडिटी आहे, ते कदाचित तुमचा मसाला नेतच नव्हते.