‘ब्लेझ अँड द मॉन्स्टर मशीन्स’ बघून पाच वर्षांचं पोर खरंच विज्ञान शिकतं का?

शिकतं, पण नुसतं बघून नाही. निकलोडियनची ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली. ब्लेझ हा लाल मॉन्स्टर ट्रक आणि त्याचा आठ वर्षांचा ड्रायव्हर एजे दर भागात कुठेतरी अडकतात आणि बल, घर्षण, तरंगणं असलं काहीतरी वापरून सुटतात. (गाणी जरा डोकं उठवतात.)

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर लेकाने खेळण्यातली गाडी सोडली, ती सुसाट सुटली. मग घरातलं काथ्याचं पायपुसणं आणून अंथरलं, तर गाडी मध्येच रखडली. ‘बाबा, फ्रिक्शन!’ वॉचमनकाकाही बघत उभे. तुमच्या पोराला ठाण्याच्या तलावपाळीला नेलंत तर बोट का बुडत नाही ते त्यालाच विचारा. फक्त ही मालिका जेवताना लावू नका, घास तोंडातच राहतो.