माजी सैनिकाची आठवण जपताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. घरातले सगळे सांगतात की ते १९७१ च्या लढाईत ढाक्याला होते. ते स्वतः फारसे बोलायचे नाहीत. खरे काय ते कसे तपासायचे? आणि पुस्तिकेत काय काय घ्यावे?

आधी ट्रंक उघडून डिस्चार्ज बुक शोधा. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांचे कनिष्ठ अधिकारी) यांना निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या या पुस्तिकेत भरती आणि निवृत्तीची तारीख, हुद्दा, ट्रेड, वर्तणुकीचा शेरा आणि मिळालेली पदके यांची नोंद असते. ते सापडले की पुस्तिकेचा सांगाडा तयार झाला.

मग पदके पाहा. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर (आताच्या बांगलादेशाच्या बाजूला, ढाका तिथलेच) असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार. तुमच्याकडे पश्चिमी स्टार निघाला तर ढाक्याची गोष्ट बहुधा कुणा सोबत्याची असून ती घरात वडिलांच्या नावावर चढली असावी. संग्राम पदक मात्र त्या काळात बऱ्याच मोठ्या प्रदेशात सेवेत असलेल्यांना मिळाले. ते एकटेच असेल तर त्यावरून आघाडी ठरत नाही. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक यांच्यातही असाच फरक आहे. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची आडवी पट्टी असते. तिच्यावर जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल प्रदेश), हिमालय असे लिहिलेले असेल तर नोकरी कोणत्या भागात झाली तेही कळते. स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे पदक म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी ते सेवेत होते, एवढे नक्की.

गोल पदकाची कड भिंगातून पाहा. तिच्यावर सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. हा हुद्दा त्या वेळचा असतो. त्यामुळे सुभेदारांच्या पदकावर 'सिपाही' दिसले तर ती चूक नव्हे. क्रमांक मात्र डिस्चार्ज बुकातल्या क्रमांकाशी ताडून पाहा, कारण भावाभावांची किंवा काका-पुतण्यांची पदके एकाच डब्यात मिसळलेली असू शकतात.

एवढ्यावर भागले नाही तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला आहे. इतर वाचकांसाठी सांगायचे तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला आणि रणगाडा दलाचे अहिल्यानगरला. नौसैनिकांची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जात सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, भरती व निवृत्तीची तारीख आणि तुमचे नाते लिहा. डिस्चार्ज बुकाची प्रत, मृत्यूचा दाखला आणि तुमचे ओळखपत्र जोडा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलात तर उत्तम. 'वडिलांची सगळी माहिती द्या' असे लिहिले की उत्तर रेंगाळते. 'तारखांसह कोणत्या पलटणीत किती काळ' आणि 'मंजूर पदकांची यादी' एवढे दोनच मुद्दे मागा. काहीच हालचाल झाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

दुसऱ्या महायुद्धातल्या आजोबांचे कागद चाळणाऱ्यांना '३/५' किंवा '१/५' असे आकडे दिसतात. ३/५ म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले यशवंत घाडगे याच ३/५ चे आणि नामदेव जाधव १/५ चे. दोघांचेही पराक्रम इटलीतले. मात्र आकडा जुळला म्हणून आजोबा त्याच चकमकीत होते असे लिहू नका. पलटणीत शेकडो माणसे असत आणि माणसे बदलतही असत.

आता पुस्तिकेबद्दल. नोकरीची पाने नेमकी झाली की उरलेली जागा निवृत्तीनंतरच्या वर्षांना आणि घराला द्या. इथे आमचे मत ठाम आहे: 'त्यांना समाजकार्याची आवड होती' या वाक्याने वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. कोणत्या साली सोसायटीवर निवडून आले, त्यांच्या काळात काय झाले, भरतीला जाणाऱ्या पोरांना कोणत्या मैदानावर किती वाजता पळवत होते, ते लिहा. तारखा ग्रामसभेच्या इतिवृत्तात आणि सोसायटीच्या वार्षिक अहवालात मिळतात. आईशी बोलताना 'बाबा कसे होते?' असे विचारू नका. मनीऑर्डर किती यायची, ती सोडवून कोण आणायचे, सुट्टी किती दिवसांची असायची, ते सीमेवर असताना बाळंतपण कुणी केले, शेतीचे निर्णय कोण घ्यायचे, असे विचारा. सैनिकाचे घर त्याच्या बायकोने चालवलेले असते. तिचे नाव फक्त शेवटच्या पानावरच्या 'शोकाकुल' यादीत येऊ नये.

हुद्दा लिहिताना 'निवृत्त' हा शब्द नावानंतर कंसात घ्या, हुद्द्याला चिकटवू नका. मानद हुद्दा असेल तर 'ऑनररी' वगळू नका. आणि निवृत्तीनंतर आजारपणाने गेलेल्या माणसाला 'शहीद' म्हणू नये. त्यांची सेवा त्या शब्दावाचूनही पूर्ण आहे.

पदके काळवंडली आहेत, फिती विरल्या आहेत. पितांबरीने घासून युनिफॉर्मसह काचेच्या फ्रेममध्ये लावावीत का?

घासू नका. पितांबरी, चिंच, लिंबू, ब्रासो यांतले काहीही नको. प्रत्येक वेळी धातूचा पातळ थर निघतो आणि आधी झिजतात ती कडेवरची कोरलेली अक्षरे, म्हणजे हे पदक यांचेच आहे असे सांगणारा एकमेव पुरावा. पॉलिशचा पांढरा गाळ अक्षरांत बसला तर तो ओल धरतो आणि हिरवा गंज वाढवतो. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपा, पदक कडेने धरा, शक्यतो सुती हातमोजे घालून. हिरवट, पिठासारखा गंज दिसला तर ते पदक इतरांपासून वेगळे ठेवा आणि संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा.

फीत धुवायची नाही, तिचे रंग एकमेकांत उतरतात. नवी फीत छावणीच्या शहरांतल्या लष्करी साहित्याच्या दुकानात मिळते. रुंदी साधारण ३२ मिलिमीटर. जुनी फीत फेकू नका, नाव लिहून पाकिटात ठेवा.

फ्रेमसाठी प्रतिकृती लावा आणि अस्सल पदके डब्यात ठेवा, हा आमचा सल्ला. भिंतीवरच्या उजेडात फितींचे रंग उडतात आणि पावसाळी भिंतीची ओल फ्रेमच्या पाठीतून आत शिरते. अस्सलच लावायची असतील तर बाहेरची भिंत आणि ऊन टाळा, पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घ्या, पदके डिंकाने न चिकटवता सुती दोऱ्याने बांधा. क्रम लावताना सर्वांत वरच्या मानाचे पदक पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. प्लायवूडची पेटी आणि मऊ पीव्हीसीचे पाउच दोन्ही टाळा, त्यांतून निघणारी आम्ले धातू खातात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.

युनिफॉर्म फ्रेममध्ये नकोच. बिल्ले आणि पितळी बटणे काढता येत असतील तर काढून वेगळी ठेवा, त्यांचे डाग कापडात उतरतात. लोकरी कोटाला कसर लागते. कोट पूर्ण कोरडा असताना प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कापडावर पाणी धरते. नंतर धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळा. वर्षातून एकदा घड्या बदला.

ट्रंकेत पितळी काडतुसासारखे काही आणि एक जड लोखंडी गोळा सापडला. आठवण म्हणून ठेवावा का?

हात लावू नका, हलवू नका, घासून तर अजिबात पाहू नका. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ वर कळवा. स्फोटक जुने झाले म्हणून निकामी होत नाही, काही वेळा अधिक नाजूक होते.

काका हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. अंत्ययात्रेत तिरंगा पांघरायचा होता, पण कुणीतरी अडवले. ते बरोबर होते का?

बरोबर होते. राष्ट्रसन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार शासकीय इतमामातले किंवा सैन्यदल आणि निमलष्करी दलांचे अंत्यसंस्कार सोडले, तर ध्वज कशावरही पांघरता येत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. खासगी अंत्यसंस्कारात घरच्यांनी स्वतः ध्वज आणून पांघरणे, भावना कितीही खरी असली तरी, त्यात बसत नाही. लष्करी इतमाम ठरला तर केशरी पट्टा डोक्याकडे येतो आणि अग्नी देण्यापूर्वी ध्वज काढून घेतात.

करता येते ते असे. निधन झाल्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेला फोन करा. संघटनेचे लोक पुष्पचक्र घेऊन येतात, सलामी देतात. टोपी आणि पदके उशीवर ठेवून पुढे नेता येतात. माजी सैनिकाच्या अंत्यसंस्काराला किंवा युद्धस्मारकावरच्या मानवंदनेला जवळच्या वारसाने त्यांची पदके लावावीत, पण छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची.

गावात वडिलांच्या नावाने स्मारक करावे असे गावकरी म्हणतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर नाव घालता येईल का?

दिल्लीला नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या त्या स्मारकाच्या त्यागचक्रावर स्वातंत्र्योत्तर युद्धांत आणि मोहिमांत प्राण गेलेल्यांचीच नावे आहेत.

गावात पुतळ्यापेक्षा फलक बरा. पुतळ्याला जिल्हाधिकारी पातळीवरची परवानगी लागते आणि पुढे देखभाल कुणाची हा प्रश्न उरतो. फलकासाठी आधी ग्रामसभेचा ठराव घ्या. जागा पंचायतीची, शाळेची की देवस्थानाची हे उताऱ्यावरून पाहा. दोन-तीन मीटरवरून वाचता यावे म्हणून अक्षर किमान २५ मिलिमीटर उंच ठेवा आणि वेलांटी-उकारासाठी ओळींत जागा सोडा. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून रंग भरलेला मजकूर टिकतो, नुसता रंगवलेला काही पावसाळ्यांत उडतो. कोरण्याच्या यंत्रावर फाँट बदलला की 'ऱ्या', 'र्य', 'ल्ल' तुटतात, म्हणून प्रत्यक्ष आकाराची कागदी प्रत मागवा आणि मजकुराशी संबंध नसलेल्या दोघांकडून वाचून घ्या. दगडावरची चूक दुरुस्त होत नाही.

त्याच पैशात अभ्यासिकेला टेबले किंवा भरतीच्या मुलांसाठी लांब उडीचा खड्डा आणि पुलअपचे बार होतात. वडील हयातभर हेच करत असतील तर आम्ही तोच मार्ग सुचवू. सशस्त्र सेना ध्वजदिन निधीलाही त्यांच्या स्मरणार्थ देणगी देता येते, पावती घ्या.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करून भिंतीवर लावले, फोटो सगळ्या ग्रुपवर टाकले. भाऊ रागावला. काय बिघडले?

लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात कायमचे मुरतात. शिवाय ते मूळ बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आईच्या कौटुंबिक पेन्शनसाठी, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासाठी आणि रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रव्यवहारासाठी लागते. भिंतीवर रंगीत प्रत लावा. कागद ३०० आणि जुने फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. फोटोमागे नावे पेनने नको, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा.

ग्रुपवरचे फोटो आजच काढा. सैनिक क्रमांक, पीपीओ क्रमांक, बँक खाते आणि जन्मतारीख एकत्र मिळाली की 'पेन्शन अडकली आहे, ओटीपी सांगा' असे फोन सुरू होतात, आणि ते नेमके आईला येतात. आता जुने बुक घेऊन लॅमिनेटवाल्याकडे सोलायला जाऊ नका. ते आहे तसे ठेवा, आणि ते कुठे नाकारले गेले तर रेकॉर्ड ऑफिसकडे दुय्यम प्रतीचा अर्ज करा.